विजेला परतीची वाट हवी

साखर कारखान्यात, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात किंवा फाउंड्रीत एक तक्रार सारखी कानावर येते. मोठी मोटर सुरू झाली, की तिच्याशी काही संबंध नसलेल्या टाकीचे तापमान पडद्यावर दहा-वीस अंशांनी उडी मारते आणि मोटर थांबली, की मुकाट जागेवर येते. पाण्याच्या पातळीचा आकडा थरथरत राहतो. पीएलसी, म्हणजे यंत्राला हुकूम देणारा नियंत्रक संगणक, आणि मीटर यांच्यातला संवाद अधूनमधून तुटतो. पहिला संशय सेन्सरवर जातो, म्हणून सेन्सर बदलला जातो. मग कार्ड बदलले जाते. मग कुणीतरी सुचवते, की अर्थिंग कमी पडत असणार. आवारात आणखी एक खड्डा खणला जातो, मीठ-कोळसा घातला जातो, नवी पट्टी ओढून पॅनेलला जोडली जाते. पैसे खर्च होतात आणि आकडा उडतच राहतो. अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा खड्ड्यापासून फार दूर, पॅनेलच्या आत, केबलच्या शेवटच्या वीतभर लांबीत असते. ते तिथे का असते हे समजायचे, तर एक रुजलेली समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. वीज जमिनीत मुरत नाही. ती जिथून निघाली तिथेच परत जाते. शील्ड आणि अर्थिंग यांचे सारे शास्त्र या परतीच्या वाटेचे आहे. ती वाट आखूड आणि रुंद ठेवली नाही, तर महागातली महाग केबलही कामी येत नाही.

अर्थिंगविषयीची आपली कल्पना पाण्यावरून आलेली आहे. नको असलेले पाणी शोषखड्ड्यात सोडावे तशी नको असलेली वीज खड्ड्यात सोडायची, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्याला पाणी घालायचे, की झाले. साध्या हिशेबाने ही कल्पना डळमळते. एखाद्या यंत्राच्या पत्र्याला 230 व्होल्टची तार चिकटली आणि ते यंत्र फक्त स्वतःच्या खड्ड्याला जोडलेले आहे असे धरू. खड्ड्याचा रोध 5 ओहम आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलच्या खड्ड्याचा 1 ओहम असेल, तर मातीतून फिरून येणारा प्रवाह होतो 230 भागिले 6, म्हणजे जेमतेम 38 अँपिअर. त्या लाइनवर 63 अँपिअरचा ब्रेकर असेल तर तो पडणारच नाही, आणि यंत्राचा पत्रा तोवर सुमारे 190 व्होल्टवर जिवंत राहील. माणूस वाचतो तो खड्ड्यामुळे नव्हे, तर यंत्राच्या पत्र्यापासून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत सलग गेलेल्या धातूच्या तारेमुळे. तिच्यातून शेकडो अँपिअर परत धावतात आणि ब्रेकर तत्काळ पडतो. म्हणजे जिवाच्या सुरक्षेसाठी केलेले अर्थिंगसुद्धा मुळात परतीची वाटच आहे. पॅनेलमधल्या नाजूक सिग्नलला शांत ठेवणारे अर्थिंग हीही परतीची वाट आहे. फरक आहे तो त्या वाटेने येणाऱ्या वाटसरूच्या वेगात, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते.

हा वेगवान वाटसरू येतो कुठून? गेल्या काही दशकांत मोटर चालवण्याची रीत बदलली. पूर्वी कॉन्टॅक्टर किंवा स्टार्टर एकदा चिकटला, की मोटर 50 हर्ट्झच्या शांत लयीत फिरत राहायची. आता व्हीएफडी म्हणजे ड्राइव्ह आला. पंप, पंखे, कन्व्हेयर, उसाच्या गिरण्या, सोसायटीतल्या बहुतेक नव्या लिफ्ट त्याच्यावर चालतात, आणि पंप-पंख्यांसारख्या ठिकाणी तो खरोखर भरपूर वीज वाचवतो. ड्राइव्ह 415 व्होल्टच्या पुरवठ्यापासून आधी सुमारे 585 व्होल्टचा डीसी बनवतो आणि तो डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून मोटरला देतो. प्रत्येक तोडजोडीला साधारण सेकंदाचा एक कोट्यंश, म्हणजे 0.1 मायक्रोसेकंद लागतो. इतक्या थोड्या वेळात 585 व्होल्टची उडी म्हणजे मायक्रोसेकंदाला जवळजवळ 6 हजार व्होल्ट. अशा उडीत 50 हर्ट्झचा मागमूस नसतो. तिच्यातली ऊर्जा सुमारे 3 मेगाहर्ट्झपर्यंत जोरकस असते आणि त्यापुढेही रेंगाळते. आकाशवाणीची मध्यम लहर दीड मेगाहर्ट्झच्या आसपास संपते, म्हणजे ती या पट्ट्यातच येते. ढगात वीज चमकली, की जुन्या रेडिओवर खरखर होते. ड्राइव्हजवळ तोच रेडिओ लावला तरी होते. ड्राइव्ह हा नकळत बनलेला रेडिओ प्रक्षेपक आहे आणि मोटरकडे जाणारी उघडी केबल ही त्याची अँटेना.

आता त्याच पॅनेलमध्ये दुसऱ्या टोकाला काय चालले आहे ते पाहू. भट्टीचे तापमान मोजणारा के टाइप थर्मोकपल एका अंशाला सुमारे 41 मायक्रोव्होल्ट देतो. म्हणजे एका मिलिव्होल्टची चूक झाली, की आकडा 24 अंशांनी चुकला. दाब किंवा पातळी सांगणारे ट्रान्समीटर 4 ते 20 मिलिअँपिअरच्या भाषेत बोलतात. ही बारीक तार आणि ड्राइव्हची जाड केबल जागा वाचावी म्हणून एकाच डक्टमधून मीटरभर शेजारी-शेजारी नेली, तर दोघींमध्ये सुमारे 50 पिकोफॅरडचा अदृश्य कपॅसिटर तयार होतो. एरवी तो नगण्य. पण मायक्रोसेकंदाला 6 हजार व्होल्टच्या उडीपुढे तोच कपॅसिटर क्षणभर पाव अँपिअरहून जास्त प्रवाह पलीकडे ढकलू शकतो. सिग्नल फार तर 20 मिलिअँपिअरचा, आणि घुसखोर त्याच्या दहापटीहून मोठा. हा धक्का क्षणाचा असला तरी निरुपद्रवी नसतो. इनपुट कार्डातले सर्किट अशा वेगवान धक्क्यांचे एकदिशीकरण करून त्यांचा कायमचा सरकलेला आकडा बनवते. म्हणून तापमान नुसते थरथरत नाही, मोटर चालू असेपर्यंत दहा-वीस अंश वर जाऊन बसते, आणि पाहणाऱ्याला वाटते सेन्सर बिघडला.

यावरचा उपाय शील्डेड केबल, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण शील्डचे काम काय, याबद्दल समजूत असते ती गोधडीची: अंगावर घेतली की थंडी अडते, तशी तारेवर धातूची जाळी घातली की नॉइज, म्हणजे हा घुसखोर प्रवाह, अडतो. शील्डचे खरे काम एका जुन्या प्रयोगातून कळते. मायकेल फॅरडे यांनी 1836 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 12 फूट लांबी-रुंदी-उंचीची धातूने मढवलेली खोली बांधली, बाहेरून तिला प्रचंड विद्युतभार दिला आणि स्वतः उपकरणे घेऊन आत बसून पाहिले. आत भाराचा मागमूस नव्हता. बाहेरच्या विजेला धातूच्या पृष्ठभागावरूनच हवे तसे पसरता आले, म्हणून आत शांतता राहिली. शील्डचे तत्त्व हेच आहे. घुसखोर प्रवाह शील्डवर येऊन आदळतो आणि मग त्याला तिथून उगमाकडे परत जायचे असते. ती वाट सोपी मिळाली, तर तो शील्डवरूनच निघून जातो. अवघड झाली, तर शील्ड स्वतःच त्या प्रवाहाने तापलेल्या तव्यासारखे होते आणि आतल्या तारेला त्याची झळ लागते.

ही वाट अवघड कशी होते, ते आपल्याकडच्या कित्येक पॅनेलमध्ये डोळ्यांनी दिसते. केबल सोलली, जाळी पिळून तिची वेणी केली, तिला हिरव्या वायरीची वीतभर शेपटी जोडली, लग मारला आणि दूरच्या अर्थ बसबारवर बोल्टने आवळला. काम नीटनेटके दिसते. मल्टिमीटर लावला तर तो टीं करून वाजतो, रोध शून्य. पण मल्टिमीटर डीसीवर मोजतो, आणि आपला वाटसरू मेगाहर्ट्झचा आहे. कोणत्याही सरळ तारेला मीटरमागे सुमारे एक मायक्रोहेन्रीची जडता असते. 15 सेंटिमीटरच्या शेपटीचा अडसर 50 हर्ट्झला ओहमच्या काही लाखांशांइतका, म्हणजे नसल्यासारखाच. 3 मेगाहर्ट्झला तोच जवळजवळ 3 ओहम होतो. एक अँपिअरचा धक्का आला, की शेपटीवर 3 व्होल्ट उभे राहतात, तेही जिथे मिलिव्होल्टांवर निर्णय होतात तिथे. उलट जाळी उघडी करून तिच्याभोवती धातूची पकड पूर्ण वेढ्याने बसवली आणि ती पकड थेट पॅनेलच्या पाठीमागच्या प्लेटवर आवळली, तर प्रवाह एका धाग्याऐवजी चहूबाजूंनी उतरतो. केबल पॅनेलमध्ये शिरते तिथेच जाळीला पकडणारी ईएमसी ग्लँड वापरली, तर आणखी उत्तम. केबल तीच, शील्ड तेच; फरक फक्त शेवटच्या वीतभर लांबीचा. वेगवान प्रवाह तांब्याच्या आतून वाहतच नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. 3 मेगाहर्ट्झला तो वरच्या 0.04 मिलिमीटरच्या थरातच राहतो. म्हणून जाड गोल तारेपेक्षा चपटी विणलेली पट्टी उपयोगी पडते, कारण तिला पृष्ठभाग जास्त असतो.

हाच हिशेब खड्ड्यापर्यंत नेला, की नव्या खड्ड्याने आकडा का थांबला नाही ते उमगते. पॅनेलपासून खड्डा 10 मीटर लांब असेल, तर तिथवरच्या वायरीची जडता सुमारे 10 मायक्रोहेन्री. 3 मेगाहर्ट्झला हा अडसर 190 ओहमच्या घरात जातो. खड्ड्याचा रोध टेस्टरवर 1 ओहम दाखवो की अर्धा, नॉइजच्या दृष्टीने तो खड्डा 190 ओहम लांब आहे, म्हणजे जवळपास नाहीच. नॉइजचा उगम ड्राइव्हमध्ये आहे, ड्राइव्ह पॅनेलच्या प्लेटवर बसलेला आहे, तेव्हा नॉइजचे घरही ती प्लेटच. म्हणून प्लेट रंगवलेली नसावी, जस्ताचा मुलामा दिलेली असावी. पावडर कोटिंग गंजाला अडवते आणि विजेलाही. ज्या जागी धातूला धातू भिडायला हवा तिथला रंग खरवडलाच पाहिजे. पॅनेलच्या दाराला बिजागरीच्या भरवशावर सोडू नये, त्याला चपटी पट्टी लावावी. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत खाऱ्या दमट हवेने हे उघडे जोड लवकर गंजतात. तिथे जोडावर संरक्षक लेप आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासणी, ही चैन नव्हे, गरज आहे.

यावर पहिला आक्षेप अनुभवी इन्स्ट्रुमेंट तंत्रज्ञांकडून येतो आणि तो वजनदार आहे. शील्ड नेहमी एकाच टोकाला जोडायचे, दोन्ही टोकांना जोडले तर ग्राउंड लूप होतो, असे त्यांना शिकवलेले असते. हा नियम खोटा नाही. दोन इमारतींच्या अर्थमध्ये व्होल्ट-दोन व्होल्टचा फरक असू शकतो. दोन्ही टोके जोडली, की शील्डमधून 50 हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो, आणि थर्मोकपलसारख्या मिलिव्होल्टी, संथ सिग्नलला तो त्रास देतो. अशा सिग्नलला आजही एक टोक हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. पण हा नियम रुळला तेव्हा पॅनेलमधला मुख्य शत्रू 50 हर्ट्झची गुणगुण होता. आज शत्रू बदलला आहे. एकाच टोकाला जोडलेले शील्ड विद्युतक्षेत्र अडवते, पण चुंबकीय क्षेत्राविरुद्ध काहीच करू शकत नाही, कारण त्यासाठी शील्डमध्येच उलटा प्रवाह वाहावा लागतो आणि उघड्या टोकामुळे तो वाहत नाही. शिवाय लटकणारे टोक मोठ्या वारंवारतेला अँटेना बनते. 3 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 100 मीटर असते. तिच्या चौथाईएवढी, म्हणजे 25 मीटर केबल ही कारखान्यात अगदी साधी गोष्ट. तेव्हा नियम टाकून द्यायचा नाही, त्याची हद्द ओळखायची. मोटरच्या केबलचे शील्ड दोन्ही टोकांना जोडावे, यात तडजोड नको. मोटरच्या सांगाड्यावर आलेला नॉइज ड्राइव्हकडे परत आणणारी वाट तीच आहे. ती नसेल तर प्रवाह इमारतीच्या लोखंडातून, शेजारच्या सिग्नल केबलमधून आणि मोटरच्या बेअरिंगमधूनही वाट काढतो. ग्रीसचा पातळ थर फोडत ठिणग्या पडतात आणि बेअरिंगच्या आतल्या रिंगणावर ओळीने आडवे चरे उमटतात. संवादाच्या वेगवान केबलही दोन्ही टोकांना जोडाव्यात. दोन टोकांच्या अर्थमध्ये फरक असेल, तर केबलसोबत जाड समांतर अर्थ वायर न्यावी, म्हणजे संथ प्रवाह तिच्यातून जातो. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 61000-5-2 याच दिशेने बोट दाखवते. संथ सिग्नललाही नॉइज छळत असेल, तर एक टोक थेट आणि दुसरे छोट्या कपॅसिटरमधून जोडता येते. तो कपॅसिटर 50 हर्ट्झला दार बंद ठेवतो आणि मेगाहर्ट्झला उघडतो. दोन इमारतींमध्ये फायबर ऑप्टिक टाकली, तर प्रश्नच मिटतो.

दुसरा आक्षेप स्वतंत्र 'स्वच्छ अर्थ'चा. इलेक्ट्रॉनिक्सला घाणेरड्या पॉवर अर्थशी जोडू नका, त्याच्यासाठी वेगळा खड्डा करा, असा आग्रह आपल्याकडे निविदांतही दिसतो. त्यामागची चिंता समजण्यासारखी आहे, पण उपाय धोकादायक आहे. जवळपास वीज पडली आणि तिच्यातले 10 हजार अँपिअर जरी 1 ओहमच्या खड्ड्यात उतरले, तरी तो खड्डा आणि त्याला जोडलेला पॅनेलचा पत्रा क्षणभर 10 हजार व्होल्टवर जातो. त्याच पॅनेलमधले पीएलसी मात्र दूरच्या दुसऱ्या खड्ड्याला बांधलेले असते, म्हणून ते खालीच राहते. या दोघांमधला 10 हजार व्होल्टचा फरक सोसण्याइतके इन्सुलेशन कोणत्याच कार्डात नसते. सगळे खड्डे एकमेकांना जोडलेले असतील, तर सगळे मिळून वर जाते आणि मिळून खाली येते. पुरात सगळ्या होड्या एकदम वर उचलल्या गेल्या तर त्या एकमेकींवर आपटत नाहीत, तसे. आपल्याकडच्या नियमांत मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या मागितल्या आहेत, याचा दाखला अनेकजण देतात. पण त्या जोडण्या एक तुटली तर दुसरी असावी म्हणून आहेत. एकमेकांपासून तुटलेले दोन अर्थ असावेत म्हणून नव्हे. पॅनेलच्या आत सिग्नलचा अर्थ बसबार जरूर वेगळा ठेवावा, मात्र तो मुख्य बसबारला जोडलेलाच हवा.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे: नॉइज आला तर प्रोग्राममध्ये फिल्टर लावू, सरासरी काढू; एवढी वर्षे चालले, पुढेही चालेल. फिल्टरला त्याचे स्थान आहे, पण तो किंमत वसूल करतो. दहा वाचनांची सरासरी काढली, की खरा बदलही उशिरा कळतो, आणि वाढता दाब ओळखायला झालेला उशीर परवडेलच असे नाही. इनपुट सर्किटने आधीच सरकवून ठेवलेला आकडा तर सरासरीने जागेवर येत नाही. चुकीची सरासरी चुकीचीच राहते. संवादात हा दोष आणखी लपतो. मॉडबससारख्या पद्धतीत प्रत्येक संदेशाला पडताळणीचा अंक असतो. बिघडलेला संदेश फेकला जातो आणि पुन्हा मागवला जातो. पडद्यावर सगळे ठीक दिसते, फक्त मंदावते, आणि एखाद्या दिवशी, सगळ्या मोटरी एकदम चालू असताना, सलग काही संदेश मरतात आणि यंत्र थांबते. 'चालले होते' हा पुरावा त्या वेळच्या ड्राइव्हचा आणि त्या वेळच्या भाराचा असतो. नवा ड्राइव्ह जास्त चपळाईने तोडजोड करतो, आणि जुनी वायरिंग तीच राहते.

खर्चाचे म्हणाल, तर यातले बहुतेक उपाय पैशांपेक्षा विचार मागतात. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याची युक्ती 1881 मध्ये पेटंट केली. पीळ दिलेल्या जोडीत प्रत्येक वळणाला चुंबकीय धक्का उलटतो आणि मागच्याला छेद देतो. सिग्नल केबल आणि मोटर केबल वेगळ्या डक्टमधून, साधारण 20 सेंटिमीटर अंतराने नेणे, ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडणे, 24 व्होल्ट डीसी रिलेच्या कॉइलवर डायोड बसवणे, कारण बंद होताना तीच कॉइल शेकडो व्होल्टचा झटका मारते: हे सगळे पॅनेल बांधतानाच ठरवले, तर नगण्य खर्चात होते. पॅनेल भरून, केबल ओढून, बिल निघाल्यावर करायचे ठरवले, तर कारखाना थांबवावा लागतो. युरोपात विद्युतचुंबकीय सुसंगतीची अट 1996 पासून सक्तीची आहे, म्हणून तिकडे यंत्रे पाठवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या उत्पादकांना हे काम काटेकोर करावेच लागते. परदेशी ग्राहकासाठी जी पकड आणि ग्लँड बसते, ती गावच्या पाणीयोजनेच्या पॅनेलमध्ये का बसू नये, याला तांत्रिक उत्तर नाही.

कारण फक्त एवढेच, की हे काम दिसत नाही आणि कुणी मागत नाही. निविदेत केबलचा आकार लिहिलेला असतो, ब्रेकरचे नाव लिहिलेले असते, खड्ड्यांची संख्या लिहिलेली असते. 'शील्ड पूर्ण वेढ्याच्या पकडीने प्लेटवर जोडावे, शेपटी नको' हे एक वाक्य नसते. ते वाक्य लिहिले, तर वायरमनला काय करायचे ते कळेल, आणि स्वीकारणाऱ्या अभियंत्याला काय पाहायचे तेही कळेल. पॅनेल ताब्यात घेताना अर्थ टेस्टरचा आकडा नोंदवावाच, पण दार उघडून प्रत्येक शील्डचे टोकही डोळ्यांनी पाहावे: ते कुठे टेकले आहे, किती लांबीने टेकले आहे, खाली रंग आहे की धातू. गावाला पाणी कधी सोडायचे, भट्टी कधी थांबवायची, लिफ्ट कोणत्या मजल्यावर उभी करायची हे आता आपण यंत्रावर सोपवले आहे, आणि ते यंत्र सिग्नलवर विश्वास ठेवून निर्णय घेते. त्या सिग्नलच्या खरेपणाची राखण आवारातल्या खड्ड्यात होत नाही. ती प्लेटवर घट्ट आवळलेल्या इंचभर पकडीखाली होते.